फुटक्या चुलीचं अन्न

आईला अबुधाबीला आणलं मी. तिला परिवारात नेलं तेही मीच. त्यामुळे आता बोंब मारायची तर स्वतःच्याच नावाने मारावी लागते, आणि त्यात काही मजा नाही.

बाबा गेल्यावर ती डोंबिवलीत एकटी पडली होती. एकुलता एक मुलगा परदेशात आणि आई तिकडे शेजाऱ्यांच्या भरवशावर, हे मला सहन होईना. व्हिसा काढला, विमानात बसवली, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला मुलीची खोली दिली. मुलगी हॉलमध्ये झोपायला लागली. सगळं झकास. फक्त एकच राहिलं. सकाळी साडेसातला मी मुसफ्फाच्या ऑफिसला जायचो, बायको तिच्या क्लिनिकला, मुलगी शाळेला. मग दुपारी चारपर्यंत आई आणि एसीचा आवाज. एक दिवस ऐन मीटिंगमध्ये तिचा फोन आला. मी घाबरून बाहेर आलो.

"काय झालं आई?"

"काही नाही रे. समोरच्या बाल्कनीत एक बाई आली होती. कपडे वाळत घातले तिने."

"मग?"

"मग आत गेली."

एवढंच सांगायला फोन. त्याच आठवड्यात मी तिला परिवारात नेलं.

परिवार म्हणजे आमचा सत्संग. संस्थापकांना सगळे 'थोरले' म्हणत. ते भारतात. इथे खलिफा सिटीतल्या एका व्हिलात दर रविवारी पंधरा-वीस घरं जमायची. मी ऑफिसातल्या एका मित्रामुळे दोन वर्षांपूर्वी जायला लागलो होतो. इथे परवानगीशिवाय अशी धार्मिक बैठक भरवता येत नाही, म्हणून टेबलावर दर रविवारी एक केक असायचा. कुणी विचारलंच तर वाढदिवस. आम्ही भजनं म्हणायचो, ध्यान करायचो, आणि शेवटी कुणाच्या तरी पोराला उभं करून हॅपी बर्थडे म्हणत केक कापायचो. माझ्या मुलीचा एका वर्षात पाच वेळा वाढदिवस झाला. तिची काही तक्रार नव्हती.

केकच्या आधी खिचडी. ती मात्र खरी. प्रत्येक घराने रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, रविवारी सगळ्यांचे एकत्र करायचे आणि त्याची एकच खिचडी शिजवायची. 'आपण एका चुलीचे,' असं म्हणत ती वाढायची. केंद्र चालवणाऱ्या ताई स्वतः वाढायच्या. मऊ आवाजाची बाई. कधी चढ्या सुरात बोललेली मी ऐकली नाही.

आई तिथे अक्षरशः फुलली. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, पोरं दिसली की तिच्या अंगात यायचं. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना तिने मनाचे श्लोक पाठ करायला लावले. सगळे तिला आईच म्हणायचे. मेथीची जुडी बघून "चौदा दिरहम? म्हणजे तीनशे रुपयांची मेथी! सोनं आहे का काय?" असं ती म्हणाली की अख्खं स्वयंपाकघर हसायचं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांसाठी मी परिवाराचा आजही ऋणी आहे. शिव्या घालतो तेव्हासुद्धा.

मग माझ्या त्या ऑफिसातल्या मित्राने परिवार सोडला. त्याने थोरल्यांच्या काही उपदेशांवर प्रश्न विचारले होते, त्याला उत्तराऐवजी 'श्रद्धा वाढवा' असं सांगितलं गेलं, आणि तो उठला. उठलेल्या माणसाला परिवारात 'चूल फुटली' म्हणतात. फुटक्या चुलीकडे जायचं नाही, तिथलं अन्न-पाणी घ्यायचं नाही. मीही हो हो म्हणून मान हलवली होती. ऑफिसात त्याच्याबरोबर चहा पितच होतो, मनात म्हटलं, ऑफिसातल्या चहाला कसली आलीय चूल.

दोन महिन्यांनी त्याचे वडील वारले. मुलाकडे महिनाभर राहायला आले होते, इथेच हार्ट अटॅक. परक्या देशात माणूस गेला की रडायला वेळ मिळत नाही. पोलिसांचा कागद, हॉस्पिटलचा कागद, कॉन्सुलेटचा कागद, मग विमानाच्या कार्गोचा कागद. एरवी परिवारातले सहा-सात जण धावले असते, अशा वेळी ते फार चांगलं काम करायचे. ह्याच्यासाठी एकही आला नाही. मी गेलो. दोन दिवस त्याच्याबरोबर फिरलो, त्याच्या घरी जेवलो. आणि रविवारी मीच सगळ्यांसमोर सांगितलं. लपवायचं काय त्यात?

ताई मऊपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही एक क्षमापत्र लिहा. पुढच्या रविवारी वाचू, विषय संपेल."

माझा राग नाकावर नसतो, जिभेवर असतो. घरी येऊन मी ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. "मित्राच्या मेलेल्या बापासाठी धावलो म्हणून माफी मागू? मग तुमचा केक कशासाठी असतो ते मलाही सांगता येतं. सांगू का जाऊन?"

हात दाखवून अवलक्षण! मी कुठेही जाणार नव्हतो, कुणाला काही सांगणार नव्हतो. आईशपथ. पण त्या वीस घरांच्या नोकऱ्या, व्हिसा, पोरांच्या शाळा, सगळ्यांवर मी त्या दोन वाक्यांत पाय दिला होता. अर्ध्या तासाने नोट डिलीट केली, तोवर सगळ्यांनी ऐकली होती. परिवारातल्या एका कायदा जाणणाऱ्या गृहस्थांचा मेसेज आला की इथे व्हॉट्सॲपवर धमकी देणं गुन्हा असतो, आपल्याला कल्पना असेलच. म्हणजे त्यांची शेपटी माझ्या पायाखाली आणि माझी त्यांच्या. दोघेही गप्प बसलो. मला ग्रुपमधून काढलं. मी म्हटलं, खलास, सुटलो.

संध्याकाळी आई जेवायला बसली नाही. भूक नाही म्हणाली. सकाळी चहाही घेतला नाही. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा म्हणाली, "रागावू नकोस. पण आता मला तुझ्या चुलीवरचं चालणार नाही."

"चूल? आई, इंडक्शन आहे ते."

"हसू नकोस."

"हॉटेलातलं चालतं?"

"चालतं."

"शेजारच्या मल्याळी बाई आप्पम देतात ते?"

"त्या कधी आत नव्हत्याच. परक्याचं चालतं. आत येऊन जो उठून गेला, त्याचं नाही."

"मी तुझा मुलगा आहे!"

"म्हणून तर इथे राहते आहे ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. परिवारातलं कुणी ना कुणी सकाळी सातच्या आत खाली वॉचमनकडे ठेवून जायचं. वॉचमनने मला विचारलं, "अम्मा बीमार है क्या, साहब?" बायकोने विचारलं, "सोळा वर्षं स्वयंपाक करतेय मी. माझ्या हाताला काय झालंय?" मुलीने विचारलं, "व्हाय डजंट आजी ईट अवर फूड? इज इट ॲलर्जी?" मी म्हटलं, हो, ॲलर्जी. ती म्हणाली, "टू व्हॉट?"

मी काय काय नाही केलं? हात जोडले, भांडलो, तीन दिवस अबोला धरला. एकदा तर तोंडातून निघून गेलं, "तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे आई. एका सहीत कॅन्सल करू शकतो." ती पेपर वाचत होती. पानही न उलटता म्हणाली, "कर." मग मीच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. पन्नाशीचा माणूस. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

डिसेंबरात एका शनिवारी धुकं पडलं. इथलं धुकं म्हणजे हायवेवर समोरची गाडी दिसत नाही. डबा आलाच नाही. आईला मधुमेह आहे, सकाळची गोळी तिने घेतलेली. अकरा वाजता तिचे हात थरथरायला लागले. हॉटेलातून मागवता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही असं मी लोकांना सांगतो, पण सुचलं होतं. त्या दिवशी बायकोने मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती, आणि आईने तेच खावं असं मला वाटलं. भयंकर वाटलं.

आदल्या दिवशीचा घासलेला डबा ओट्यावर होता. मी तो भरला. बायको बघत राहिली. डबा घेऊन मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने गुपचूप निघालो, लिफ्टने खाली गेलो, दोन मिनिटं वॉचमनशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, वर आलो आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

"आला गं आई तुझा डबा!"

ती जेवली. बोटं चाटून जेवली. "आज ताईंनी भाकरी काय सुरेख केलीय! आपल्याकडच्यासारखी." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावावा तर ट्रॅकपँट घातलेली, म्हणून टी-शर्टची बाही लावली.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. रोज सकाळी मीच खाली जाऊन डबा आणायचो, स्वयंपाकघरात त्यातलं अन्न माझ्या ऑफिसच्या डब्यात काढायचो, आणि आमचं अन्न आईच्या डब्यात भरायचो. दुपारी मुसफ्फात बसून परिवाराच्या चुलीचं मी खायचो, आणि फुटक्या चुलीचं आई खायची. तीन आठवडे चाललं. बायकोने जीव ओतला. आमटी, भरली वांगी, एकदा पुरणपोळीसुद्धा. आईचे गाल वर आले. मी मनात म्हणायचो, बघा, काही बाटलं का? काही आकाश कोसळलं का?

मग एक दिवस आईने ताईंना फोन करून भरल्या वांग्यांचं कौतुक केलं. ताई म्हणाल्या, "आई, आज तर आम्ही मुगाची खिचडी पाठवली होती."

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती तिच्या पलंगावर बसली होती. रिकामा डबा मांडीवर.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

वाटलं होतं ती म्हणेल, मला बाटवलंस. ती म्हणाली, "माझ्या शाळेतली पोरं खोटं बोलायची ना, तेव्हा निदान खाली बघायची. तू तर बेल वाजवून आलास."

"आई, तू उपाशी होतीस."

"एक दिवस. बाकीचे दिवस?"

मी तिच्या मांडीवरचा डबा उचलायला गेलो. तिने तो सोडला नाही.

"सुनबाईच्या हातचं पोटात गेलं त्याचं मी बघून घेईन, ते माझं आणि देवाचं. पण आता ह्या घरात समोर पाण्याचा पेला आला तरी मी विचारत बसणार, हे खरंच पाणी आहे का. असं नाही रे राहता येत."

परिवारातलं एक जोडपं दुबईच्या पलीकडे अजमानला राहतं, दर रविवारी तिथून बैठकीला येतं. चार दिवसांनी ती त्यांच्याकडे गेली. तिची बॅग गाडीत मीच ठेवली. वर आलो तर बायको म्हणाली, "तुला तिला जेवायला घालायचं नव्हतं. तुला जिंकायचं होतं." मी चिडलो, ओरडलो, आणि मग खुर्चीत बसलो, कारण त्यात ओरडण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी मी ताईंना फोन केला. माणूस किती खाली येतो पाहा! म्हटलं, क्षमापत्र लिहितो. ताई म्हणाल्या, "लिहा दादा. आम्हाला आनंदच आहे." मी लिहिलं. मित्राच्या घरी गेलो ही चूक झाली, त्याच्याकडे जेवलो ही चूक झाली, सगळं लिहिलं. ऑफिसातल्या टेंडरला लावतो तेवढी भाषा लावली. रविवार गेला. सोमवारी ताईंचा फोन. आवाज तसाच मऊ, पण पहिल्यांदाच थोडा अडखळलेला.

"दादा, पत्र वाचलं नाही आम्ही. आईंनीच हात धरला. म्हणाल्या, त्याला ह्यातलं एकही अक्षर खरं वाटत नाही, हे घेऊ नका."

आता बोला! परिवार मला घ्यायला तयार, मी जायला तयार, आणि मध्ये माझी आई उभी. बरं, ती चुकली असं तरी कसं म्हणू?

वर्ष झालं तसा तिचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. आई-वडिलांचा व्हिसा इथे एकेका वर्षाचाच असतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं, की ह्या बाईला माझ्याशिवाय सांभाळणारं दुसरं कुणी नाही. मी त्यावर सही केली. काउंटरवरच्या माणसाने शिक्का मारला, त्याला काय माहीत.

मेडिकलला तिला मुसफ्फाला आणायचं होतं. पहाटेच निघून अजमानला पोचलो. ती खाली तयार उभी होती, थोडी वाळलेली. गाडीत आम्ही बोललो. मुलीच्या परीक्षा, डोंबिवलीच्या फ्लॅटचा नळ, सगळं बोललो. मीटर लावल्यासारखं जपून. दुबई मागे टाकल्यावर तिच्या लक्षात आलं की वाटेत खायला दिलेला डबा ती चपलांच्या कपाटावरच विसरून आली. गोळी घेतलेली होती.

"थांबून काही घेऊ या?"

"नको, उशीर होईल. नंबर लागला की बघू."

नंबर लागायला दीड तास. हॉल गच्च भरलेला. बसल्या बसल्या तिच्या कपाळावर घाम आला, हात तसेच थरथरायला लागले. मी बाहेर धावलो, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, बिस्किटांचा पुडा आणि ज्यूस आणला.

तिने पुडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"घरून आणलायस?"

"आई, हा दुकानातला आहे. सीलबंद आहे. हा बघ."

"सीलचं काय सांगतोस मला."

मी खिशातून बिल काढलं. आत्ताचं, वेळेसकट. तिच्यासमोर धरलं. तिने ते वाचलंसुद्धा नाही. रागाने नाही, अगदी दमलेल्या आवाजात म्हणाली, "राहू दे रे. तू करशील तेही."

मी तिथे पुडा घेऊन उभा. सांगायचं काय? बकालावाल्याला साक्षीला आणू?

शेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई बसली होती, रत्नागिरीकडची, बोलण्यावरून कळलं. तिने पिशवीतून डबी काढली. "घ्या ना आजी, नारळाची वडी आहे. घरीच केलीय मी." आईने घेतली. एक खाल्ली, मग दुसरी. पाणीही त्या बाईच्याच बाटलीतलं प्यायली. पाच-सात मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

बाई माझ्याकडे वळली. "तुमची आई ना? एवढ्या वयाच्या माणसाला सकाळपासून उपाशी ठेवलंत तुम्ही?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"त्याची चूक नाही हो," आई म्हणाली. "डबा मीच विसरले."

आतून नंबर पुकारला. ती उठताना माझ्या दंडाला धरून उठली. दारापर्यंत तशीच आली. तिथून पुढे फक्त बायकांना आत सोडत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिथेच पुडा फोडला, एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि म्हटलं, "बघ आई. दुकानातलंच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"असेल," म्हणाली, आणि आत गेली.